छत्तीस म्हटल्यावर रेघ

नेलपॉलिश रिमूव्हर, अर्धी बाटली. बेव्हर्लीच्या ड्रॉवरमधून.

बास्केटबॉल खेळणारी माणसं एवढी उंच असतात हे इनेजला वयाच्या एकतिसाव्या वर्षी कळलं.

इस्त्री गरम नको. कोमट. हाताला सोसेल एवढी.

एक लाख ऐंशी हजार दिरहम. म्हणजे तेवीसने गुणलं तर एक्केचाळीस लाख चाळीस हजार रुपये.

वसईच्या घराची किल्ली फ्रिजवर, पेंग्विनच्या मॅग्नेटखाली.

कावीळ झालेल्या मुलाला तेलकट द्यायचं नाही, उसाचा रस द्यायचा आणि पडून राहायला सांगायचं. पाच वर्षांचं मूल पडून राहत नाही.

रास अल खोरमध्ये खेळण्यांचं जे गोदाम होतं तिथे आता टायर मिळतात.


सॅव्हियो. बॉक्स पहिला.

रविवारची मिस्सा संपवून सगळे जबल अलीच्या चर्चमधून डिस्कव्हरी गार्डन्सच्या फ्लॅटवर आले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. जुनी कार्डं विकत घेणारा सत्यजित बारा वाजता येणार होता. सॅव्हियोने डायनिंग टेबलावरचं सगळं उचलून किचनमध्ये नेलं, टेबल दोनदा पुसलं, वर पांढरी चादर घातली आणि कपाटावरून तिन्ही बॉक्स उतरवून ओळीने ठेवले. मग एकदा सरळ केले. मग परत केले.

"आता कोणी हात लावू नका," तो म्हणाला. "सत्यजित ग्लोव्हज घालून बघणार आहे."

"ग्लोव्हज?" धाकटा ऑस्कर सोफ्यावर आडवा होत म्हणाला. "कार्डांचे डबे आहेत की अपेंडिक्स?"

"तू हस. अबू धाबीहून आयता आलास."

"आयता कसा? दीड तास गाडी चालवली. रीम आयलंडवरून निघतानाच ट्रॅफिक."

"मम्मी, तळलेले फुगे इथे आणू नको!" सॅव्हियो किचनकडे ओरडला. "तेलाचे हात लागतील."

"तुझ्या टेबलावर कोण आणतंय," आतून इनेज म्हणाली.

बॉक्स दिसायला साधे होते. बुटांच्या खोक्यापेक्षा लहान, चकचकीत पुठ्ठ्याचे, वर उडी मारणाऱ्या बास्केटबॉलपटूचं चित्र. प्रत्येकात छत्तीस पाकिटं, प्रत्येक पाकिटात बारा कार्डं आणि गुलाबी गमची एक पट्टी. १९८८ साली अमेरिकेहून चुकीच्या कन्साइनमेंटमध्ये ते दुबईत आले. इथे बास्केटबॉल कोणाला माहीत? मालक म्हणाला, टाकून द्या. गोदामाचा स्टोअरकीपर होता लॅन्सी. त्याने तीन ठेवून घेतले, तीन मुलांसाठी तीन, आणि घरी आणून कपाटावर ठेवले. उघडायचे नाहीत, असं सांगून.

"मग आणले कशाला?" असं तेव्हा सॅव्हियोने विचारलं होतं. तो नऊ वर्षांचा होता.

"पूर्ण नग आहे," पप्पा म्हणाले होते. "पूर्ण नग फोडायचा नसतो."

आता तेच तीन नग विकायचे होते. सप्टेंबरात सॅव्हियो बायको-मुलीला घेऊन टोरोंटोला जाणार होता. तो गेला की त्याच्या स्पॉन्सरशिपवरचा पप्पा-मम्मीचा व्हिसा संपणार. पप्पांना एक्केचाळीस वर्षांनंतर इथून हलायचं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या नावावर रिटायरमेंट व्हिसा काढायचा तर बँकेत ठेव दाखवावी लागणार होती आणि त्या ठेवीत एक लाख ऐंशी हजार कमी पडत होते. मग एका शनिवारी ऑफिसातल्या कोणीतरी जुन्या बंद कार्ड बॉक्सच्या लिलावाचा व्हिडिओ पाठवला, आणि सॅव्हियोने चहा तसाच ठेवून स्टूल ओढलं होतं.

"सॅव्ही," ॲमंडा टेबलावर वाकून म्हणाली. ती मधली. शारजाला राहायची, ऑडिटचं काम करायची, आणि तिला कुठेही काहीही कमी दिसलं की आधी तेच दिसायचं. "तुझ्या बॉक्सवरची रेघ कुठे गेली?"

बाकी दोन्ही बॉक्सवर लाल मार्करची उभी रेघ होती. झाकणावरून सुरू होऊन बाजूच्या भिंतीवर उतरलेली, बोटभर लांब. शेजारी मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर आणि तारीख. सॅव्हियोच्या बॉक्सवर काहीच नव्हतं.

"साफ केली."

"म्हणजे?"

"सगळीकडे लिहिलंय, बॉक्सवर पेनने लिहिलेलं असलं तर किंमत पडते. म्हणून गुरुवारी रिमूव्हर घेतला, कापूस घेतला, पाच मिनिटांत क्लीन. आज सकाळी बाकीचे दोन करणार होतो, मिस्सामुळे राहिलं."

"डॅड, दॅट वॉज माय रिमूव्हर," बेव्हर्ली फोनमधून मान वर न करता म्हणाली.

"पप्पांना विचारलंस?"

"पप्पांसाठीच करतोय ना!"

पप्पा त्या वेळी बाल्कनीत उभे राहून खालच्या रस्त्याकडे बघत होते. दार लावलेलं होतं. त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं.


ॲमंडा. बॉक्स दुसरा.

सत्यजित कुलकर्णी चौतीस वर्षांचा, टी-शर्टवर ब्लेझर घातलेला मुलगा निघाला. पुण्याचा. त्याने बूट दाराबाहेर काढले, इनेजला "आंटी, वास काय मस्त येतोय" म्हटलं आणि बॅगेतून एक दिवा, एक भिंग आणि सोनाराकडे असतो तसा छोटा वजनकाटा काढून चादरीवर मांडला.

"कार्डं सुटी विकली तर जास्त नाही का मिळणार?" ॲमंडाने विचारलं.

"नाही, मॅडम. आत काय आहे हे माहीत नसण्याचेच पैसे आहेत. आत कदाचित ते एक कार्ड असेल, ज्याच्यासाठी लोक गाडी विकतात. कदाचित नसेल. पाकिटं फोडली की कदाचित संपतं."

त्याने पहिल्यांदा सॅव्हियोचा बॉक्स उचलला. दिव्याखाली तिरका धरला. भिंग लावलं. सॅव्हियो एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

"इथे काहीतरी पुसलंय."

"पेनचं होतं. साफ केलं. आता क्लीन आहे ना?"

"कशाने पुसलं?"

"रिमूव्हरने."

सत्यजितने बॉक्स हळूच खाली ठेवला. दिव्याच्या तिरप्या उजेडात चकचकीत पुठ्ठ्यावर नाण्याएवढा निस्तेज गोल सगळ्यांना दिसला.

"काय लिहिलं होतं?"

ॲमंडाने आपला बॉक्स पुढे सरकवला. "हे. असंच."

सत्यजितने रेघ बघितली. मग चेहरा अगदी जवळ नेऊन झाकण आणि भिंत यांच्यामधल्या फटीकडे बघितलं, तिथे रेघ एका बाजूवरून दुसरीवर उतरत होती. मग त्याने विचारलं, "हे कोणी केलं?"

"मी," बाल्कनीच्या दारातून लॅन्सी म्हणाला. एकाहत्तर वर्षांचा, मिस्साचा पांढरा शर्ट अजून अंगात, खिशाला लाल मार्कर. "माल मोजून झाला की मी झाकणावर रेघ मारायचो. अर्धी झाकणावर, अर्धी अंगावर. नंतर कोणी उघडलं तर दोन तुकडे जुळत नाहीत. केसाएवढा तरी फरक पडतोच."

"अंकल," सत्यजित म्हणाला, "त्या काळात ही कंपनी बॉक्सला प्लास्टिक लावत नव्हती. झाकण नुसतं खोचलेलं. त्यामुळे हे बॉक्स विकायला आले की पहिला प्रश्न हाच, मधल्या छत्तीस-सदतीस वर्षांत कोणी झाकण वर केलं नाही कशावरून? लोक दुकानाचं स्टिकर दाखवतात, पावती दाखवतात. त्याने काय सिद्ध होतं? आणि तुम्ही इथे पुरावा काढून ठेवलाय. अठ्ठ्याऐंशी सालच्या शाईने."

"म्हणजे पेनने किंमत वाढते?" सॅव्हियोचा आवाज चिरकला.

"नाही. पेनने पडतेच. भाव लिहिला, नाव लिहिलं, पोराने मिशा काढल्या, सगळ्याने पडते. ही रेघ वेगळी आहे. हा बॉक्स मी उघडणारसुद्धा नाही." त्याने ॲमंडाचा बॉक्स दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. "पंचाहत्तर हजार. सिंगापूरला माझं एक गिऱ्हाईक आहे, तो फोटो बघून हो म्हणेल."

"पंचाहत्तर," ऑस्कर सोफ्यावरून उठून बसला. "सव्वासतरा लाख रुपये!"

"आणि माझा?" सॅव्हियो.

सत्यजितने ग्लोव्हज घातले, सॅव्हियोच्या बॉक्सचं झाकण उचललं, छत्तीस पाकिटं मोजली, एकेक काट्यावर ठेवलं. सगळी सारखी भरली. त्याने झाकण परत खोचलं.

"आत सगळं ठीक आहे. पण हे मला कळलं, तुम्हाला कळलं. गिऱ्हाइकाला काय दिसणार? डाग. पेनची खूण दिसली तर तो म्हणतो, चल, थोडं कमी कर. पुसलेली दिसली तर म्हणतो, ही का पुसली? त्याला उत्तर नाही माझ्याकडे. तीस हजार."

सॅव्हियो खुर्चीवर बसला.

"पाच मिनिटांत क्लीन," ॲमंडा म्हणाली. म्हणायला नको होतं, तरी.

"तुला आनंदच झाला असेल."

"मला का आनंद होईल?"

"तुला त्यांना वसईला पाठवायचंच आहे. पहिल्यापासून."

"मी एवढंच म्हणत होते की मम्मीला कोणी विचारलं का."

"मम्मीला काय विचारायचं? पप्पा जिथे तिथे मम्मी."

"बघ. हेच."

"यल्ला, चला पुढे," ऑस्कर मधे पडला. "गिऱ्हाइकासमोर भांडू नका. तिसरा बघा. माझा."

ॲमंडाने किचनकडे बघितलं. दाराच्या चौकटीत मम्मी उभी होती, हातात झारा. तिच्या कढईतला फुगा जळाल्याचा वास येत होता आणि तिला तो येत नव्हता.


इनेज. बॉक्स तिसरा.

तिला वाटलं होतं, सत्यजितला दिसेल. भिंग आहे, दिवा आहे, काटा आहे. तिने मनातल्या मनात वाक्यही जुळवलं होतं.

१९८९चा मार्च. कारामाचा फ्लॅट, तिसरा मजला. सॅव्हियो आणि ॲमंडा शाळेत. लॅन्सी सकाळी सहाला गोदामात, वर्षअखेरीची मोजणी, रात्री जेवायला येऊन परत. शेजारणी कधी भुवया कोरून घ्यायला, कधी नखं रंगवून घ्यायला यायच्या, तेवढेच आवाज घरात. आणि पिवळ्या डोळ्यांचा ऑस्कर, दर पाच मिनिटांनी अंथरुणातून उठणारा.

तिने स्टूलवर चढून त्याच्या नावाचा बॉक्स काढला होता. एक पाकीट. दुसऱ्या दिवशी आणखी एक. रोज एक. मेणकागद हलक्या हाताने उचकटायचा, गम त्याला द्यायचा, बारा माणसं चादरीवर मांडायची. ही उंच माणसं, मम्मी, ही का उडतात? मागच्या बाजूला त्यांची उंची लिहिलेली, वजन, गाव. ती त्याला वाचून दाखवायची. मग स्वतःसाठी वाचायची. संध्याकाळी कार्डं परत आत, वर साधा कागद, वरून कोमट इस्त्री. पाकीट बंद.

पण झाकण रोज उघडून-खोचून सैल झालं आणि लॅन्सीची लाल रेघ जुळेना. केसाएवढी नाही, चांगली गव्हाच्या दाण्याएवढी सरकली. तिने कापसावर रिमूव्हर घेतला, रेघ पुसली आणि नव्या लाल मार्करने पुन्हा मारली. वरून खाली, एका दमात.

सत्यजित भिंग लावून बघत होता.

"ही तर त्या बॉक्सपेक्षा स्वच्छ जुळतेय," तो म्हणाला. "वा, अंकल. हाही उघडत नाही. पंचाहत्तर."

सॅव्हियो उडालाच. "पंचाहत्तर, पंचाहत्तर आणि तीस. एकशे ऐंशी! पप्पा, बरोबर एकशे ऐंशी! बेव्ह, कॅल्क्युलेट!"

"डॅड, इट्स वन-एटी. आय कॅन ॲड."

ऑस्करने इनेजकडे बघितलं. एकच क्षण. तोंडात काहीतरी कडक असल्यासारखा त्याचा जबडा हलला आणि थांबला. त्याला आठवत होतं, हे तिला तेव्हा कळलं.

तिने मान हलवली. नाही.

लॅन्सीला इथेच राहायचं होतं. सकाळची त्याची फेरी, कोपऱ्यावरचा सुरेश किराणावाला, तो त्याच्यासाठी रोज पेपर बाजूला काढून ठेवायचा, चर्चमध्ये तिसऱ्या बाकावरची जागा. त्याचं सगळं इथे होतं. तिचं काय कुठे होतं हे कोणी विचारलं नव्हतं, आणि आता विचारलं नाही तेच बरं. ती आत गेली आणि फुगे ताटात काढायला लागली. जळलेला एक तिने खाली दडवला.


लॅन्सी.

मोजणी अशी करायची: बॉक्स गुडघ्यावर घ्यायचा. डाव्या हाताने पाकिटं सरकवायची, मोठ्याने मोजायची. झाकण लावायचं. मार्करचं टोक झाकणावर टेकवायचं आणि थांबायचं. मोजलेला आकडा पुन्हा तोंडाने म्हणायचा, पॅकिंग लिस्टवर बघायचा. जुळला तरच रेघ खाली ओढायची.

म्हणून त्याच्या प्रत्येक रेघेला वर एक ठिपका असायचा. थांबलेल्या वेळेचा. शाई तिथे पसरायची, मसुराच्या डाळीएवढी. पस्तीस वर्षांत लाखभर रेघा मारल्या असतील, ठिपक्याशिवाय एक नाही. मालकाचा मुलगा हसायचा, लॅन्सी, तुझ्या लाइनला डोकं आहे.

सत्यजित फोनवर फोटो काढत होता. लॅन्सीने चष्मा लावला आणि बॉक्स शेवटचे बघावेत म्हणून टेबलापाशी गेला.

ॲमंडाच्या बॉक्सवर रेघ होती, वर ठिपका होता.

ऑस्करच्या बॉक्सवर रेघ होती.

त्याने चष्मा काढला, पुसला, लावला. रेघ वरपासून खालपर्यंत एकसारखी बारीक. न थांबलेल्या माणसाची.

चष्मा काढून खिशात ठेवला असता तरी चाललं असतं. भिंगवाल्याला दिसलं नाही, तर एकाहत्तर वर्षांच्या डोळ्यांना दिसलंच पाहिजे असं नव्हतं. खाली रस्त्यावर मेट्रो स्टेशनकडे जाणारी बस लागली होती. उद्या सकाळी साडेसहाला तो तिच्या बाजूने चालत जाणार होता. परवाही. वसईत सकाळी साडेसहाला कोणाच्या बाजूने चालत जायचं? भाऊ गेला. बाजूच्या घरात भाडेकरू, त्यांची नावंही माहीत नाहीत.

सॅव्हियो त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होता, "खलास, पप्पा. झालं काम. इथेच राहा मजेत."

"ही रेघ माझी नाही," लॅन्सी म्हणाला.

कोणी ऐकलं नाही. म्हणून त्याने पुन्हा म्हटलं.

"सत्यजित, ही माझी नाही. हा माल मी पास केलेला नाही."

"पप्पा!" सॅव्हियोचा हात खांद्यावरून निघाला. "तुमच्याच हातची आहे. ओ लिहिलंय, तारीख आहे."

"अक्षर कोणीही काढेल. ह्याच्या वर ठिपका नाही. त्या बॉक्सवर बघ. मी मोजल्याशिवाय ओढत नाही. ही ज्याने ओढली, त्याने मोजलं नाही."

"तो ओके म्हणालाय, पप्पा! एक्स्पर्ट ओके म्हणतोय आणि तुम्ही..." सॅव्हियो सत्यजितकडे वळला. "वय झालंय. विसरतात ते."

"सॅव्ही, तोंड सांभाळ," ॲमंडा म्हणाली. तिला स्वतःलाच नवल वाटलं असावं.

"मीच उघडला होता," ऑस्कर म्हणाला. तो उभा राहिला होता. "लहानपणी. सॉरी, पप्पा."

लॅन्सीने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "लहानपणी म्हणजे कधी?"

"कावीळ झाली तेव्हा."

"तेव्हा तू टेबलाएवढा होतास. बॉक्स कपाटावर होता."

"मग स्टूलवर..."

"मी," इनेज म्हणाली.

ती फुग्यांचं ताट घेऊन उभी होती. सॅव्हियोने नको म्हटलेलं ते ताट तिने पांढऱ्या चादरीच्या बरोबर मधोमध ठेवलं.

"मी उघडला. पोरगं अंथरुणात राहत नव्हतं. तेवीस दिवस. रोज एक पाकीट. कार्डं सगळी परत ठेवलीत, एकही कमी नाही. गम तेवढा त्याने खाल्ला."

"खडूसारखा लागायचा," ऑस्कर हळूच म्हणाला. "पण मला आवडायचा."

बेव्हर्लीने फोन खाली ठेवला. "वेट. ग्रँडमा डिड फ्रॉड?"

"गप गं," तीन आवाज एकदम आले.

सत्यजितने काही न विचारता ग्लोव्हज घातले. झाकण उचललं. एकेक पाकीट काट्यावर. काही भरायची तेवढीच भरली, काही थोडी कमी. त्याने दोन ढीग केले. डावीकडे तेरा, उजवीकडे तेवीस. उजव्या ढिगातलं एक पाकीट त्याने भिंगाखाली धरलं आणि खूप वेळ खाली ठेवलं नाही.

"आंटी, मी अमेरिकेतली बनावट पाकिटं बघितलीत. लोक मशीन वापरतात. एवढी सफाई नाही बघितली."

"इस्त्री कोमट ठेवायची," इनेज म्हणाली. मग सॅव्हियोकडे वळून, "आणि तू कापूस गोल गोल फिरवलास ना? गोल फिरवला की चमक जाते. एकाच दिशेला घ्यायचा असतो. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

ॲमंडाला हसू फुटलं. तिने तोंडावर हात ठेवला, तरी ते बोटांतून आलं, आणि मग ऑस्करला. सॅव्हियो हसला नाही. तो चादरीवरच्या तेलाच्या डागाकडे बघत होता.

"ह्याचे किती?" त्याने विचारलं.

"आठ हजार. तेही आतल्या तेरा पाकिटांचे." सत्यजितने ग्लोव्हज काढले. "अंकल बोलले नसते तर मी पंचाहत्तर देऊन गेलो असतो. आणि सहा महिन्यांनी सिंगापूरहून फोन आला असता." तो लॅन्सीकडे बघून थांबला. मग त्याने एक फुगा उचलून तोंडात टाकला.

"सदुसष्ट हजार कमी," सॅव्हियो म्हणाला. "पंधरा लाख एक्केचाळीस हजार."

"मी घालते," ॲमंडा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"काय बघताय? एफडी मोडते. पप्पांना राहायचंय ना इथे? मग राहू देत."

"तू तर त्यांना पाठवायला निघाली होतीस," सॅव्हियो म्हणाला.

"मी निघाले नव्हते. मी विचारा म्हणत होते."

"निम्मे मी घालतो," ऑस्कर म्हणाला. "गम मी खाल्लाय."

लॅन्सी खुर्ची ओढून तिसऱ्या बॉक्ससमोर बसला. दोन्ही ढिगांवर हात ठेवले, एकीकडे तेरा, एकीकडे तेवीस. मुलं त्याच्या डोक्यावरून बोलत होती, हप्ते, बँक, सप्टेंबर, टोरोंटो. त्याला गोदामातली ती मोजणी आठवत होती. त्या महिन्यात त्याने अडीच हजार कार्टन पास केले होते. घरातला एक सोडून.

"इनेज," तो म्हणाला.

"काय?"

"तू काय म्हणतेस?"

"कशाबद्दल?"

"इथे की तिथे?"

बेव्हर्लीसुद्धा मान वर करून बघत होती. इनेजने पदर नसलेल्या खांद्यावरून हात फिरवला, ड्रेसवरचं पीठ झटकलं, मग फ्रिजकडे बघितलं. पेंग्विनकडे.

"विहिरीची मोटर नवी घ्यावी लागेल," ती म्हणाली. "जुनी चालू होणार नाही. आणि मागच्या दाराची कडी. वाडीतल्या दगडूला सांगायला हवं, बावखलाच्या पाण्याकडचं गवत काढून ठेव म्हणून. साप असतात."

"मोटर केवढ्याची येते?" लॅन्सीने विचारलं.

"सत्यजितचे आठ हजार त्यालाच जातील," सॅव्हियो थकून म्हणाला.

"हा विकायचा नाही."

लॅन्सीने पाकिटं बॉक्समध्ये परत रचायला घेतली. आधी तेवीस, वर तेरा. मोठ्याने मोजत. सत्यजित मधे काहीतरी बोलणार होता, त्याला ऑस्करने हाताने थांबवलं. झाकण खोचलं. बॉक्स गुडघ्यावर घेतला. शर्टाच्या खिशातून मार्कर काढून टोपण दातांनी ओढलं.

"अंकल, नका. नवीन मार्क केलात तर आठ हजारही जातील. नंतर कोणी हात लावणार नाही."

"ग्रँडपा, डोन्ट!"

मार्करचं टोक इनेजच्या रेघेच्या बाजूला, झाकणावर टेकलं. टेकून राहिलं. लाल ठिपका हळूहळू मोठा होत गेला, तिळाएवढा, मग मसुराच्या डाळीएवढा.

"छत्तीस," लॅन्सी म्हणाला, आणि रेघ खाली ओढली.

१९८९च्या मार्चमध्ये ऑस्करची कावीळ नवव्या दिवशी उतरली होती. पाकिटं तेवीस उघडली होती.